आंजर्ल्याच्या चिरेबंदी घराचं इन्सुलेशन: दोन कंत्राटदार आणि दोन पावसाळे

हा अभिप्राय लिहायला मी मुद्दाम दोन पावसाळे थांबले. कोकणात छपराच्या कामाबद्दल मे महिन्यात काही सांगण्यात अर्थ नाही. २०२४ चा पाऊस गेला, २०२५ चा गेला, प्रत्येक भिंतीवरून हात फिरवून पाहिला, आणि मग लिहायला बसले.

काम करणारे दोघे भाऊ खेडकडचे. थोरला सुतार, धाकटा गवंडी, हाताखाली चार माणसं. दुकान नाही, पाटी नाही. वर्षाला तीन-चार घरं घेतात आणि तीही ओळखीतून, म्हणून नाव-पत्ता इथे देत नाही. त्यांच्याआधी शहरातला एक कंत्राटदार आमच्याकडे काम करून गेला होता, त्याचंही नाव देत नाही. पण त्याने काय केलं आणि ते का फसलं हे सविस्तर सांगणार आहे, कारण तेच काम आज किनाऱ्यावरच्या कितीतरी जुन्या घरांत चाललंय आणि ते पाहून माझा जीव तुटतो.

घर माझ्या आजेसासऱ्यांनी १९५४ साली बांधलं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, सव्वा फूट जाड. आत चुन्याचा गिलावा होता, बाहेर चिरा उघडा. नव्वदच्या सुमाराला, घर नीटनेटकं दिसावं म्हणून, बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. छपराला ऐनाचे वासे, सागाचं आढं आणि वर मंगळुरी कौलं. बरीचशी कौलं त्याच्याही आधीच्या घराची, उतरवून पुन्हा चढवलेली. त्यांच्या पोटावर बासेल मिशनचा शिक्का आहे आणि १८६५ हे साल. मंगळुरातला तो कारखाना त्या साली सुरू झाला, म्हणून ते साल. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी, आणि पश्चिमेच्या अंगाला सासूबाईंची खोली. समुद्र त्याच बाजूला, चालत दहा मिनिटं. पावसाची झड येते ती त्या खोलीच्या भिंतीवर, आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊनही तिथेच.

मी लग्न होऊन आले तेव्हा या घराला 'इन्सुलेशन' (उष्णता अडवणारा थर) हा शब्द माहीत नव्हता, पण इन्सुलेशन होतं. माळ्यावर पावसाळाभर भाताचा पेंढा रचलेला असायचा. गुरांसाठी ठेवलेला, पण खालच्या माजघरात त्यामुळे दुपारी झोप लागायची. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, कामांत पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे. झड झापांवर पडायची आणि झाप व भिंत यांच्यामधून वारा खेळायचा. मागच्या पडवीतली चूल दिवसभर धुमसत असायची. तिच्या धुराने वासे काळे झाले, पण वाळवी कधी लागली नाही, आणि जुलैतसुद्धा घरात एक कोरडा कोपरा कायम असायचा. गुरं गेली तसा पेंढा गेला. गॅस आला तशी चूल गेली. झापं विणणारं कुणी उरलं नाही, म्हणून निळी ताडपत्री आली. ती भिंतीला चिकटून बसते, वाऱ्याला मध्ये जागाच देत नाही. घर तेच राहिलं, त्याला कोरडं ठेवणाऱ्या गोष्टी मात्र एकेक करून निघून गेल्या. हे आमच्या लक्षात यायला तीस वर्षं लागली.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या आगरातल्या, म्हणजे बागेतल्या, पोफळी आडव्या झाल्या आणि छपराचं मागचं पाखं उघडं पडलं. दापोली तालुक्यात तेव्हा कौलं मिळेनात, कामाला माणूस मिळेना. पुढे पाऊस उभा होता. जे मिळाले ते पत्रे पडवीवर टाकले. त्या पत्र्यांनी चार वर्षं छळलं. मे महिन्यात खाली उभं राहवत नसे, पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आभाळ निरभ्र असलं की पत्रा गार पडून आतल्या बाजूने दव धरायचा. त्याचे थेंब टपटप खाली पडायचे. थंडीत गळणारं छप्पर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. त्यांना दम्याचा त्रास आहे, म्हणून २०२२ मध्ये त्यांच्या खोलीत एसी बसवला आणि त्याच वेळी शहरातल्या त्या कंत्राटदाराकडून खोली इन्सुलेट करून घेतली. त्याने कौलांच्या पोटाला भिडवून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरलं, खाली जिप्समचं फॉल्स सीलिंग केलं. पश्चिमेच्या भिंतीला आतून थर्माकोलच्या पाट्या आणि त्यावर पांढरी पीव्हीसी पॅनेलं लावली. चार दिवसांत काम संपलं. एक लाख अडतीस हजार रुपये दिले. खोली चकचकीत दिसत होती आणि मे महिन्यात खरंच गार होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पुढच्या जूनपासून खोलीत वास येऊ लागला. बंद ट्रंकेत ओला कपडा राहिला तर येतो तसा. सासूबाईंचा खोकला वाढला, इनहेलरचे पफ वाढले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खोलीत ओल आहे का? मी म्हटलं, नाही, भिंत तर कोरडी खडखडीत आहे. मी पॅनेलकडे बघून बोलत होते. जुलैच्या अखेरीस सीलिंगचा एक तुकडा पोट सुटल्यासारखा खाली आला, तेव्हा यजमानांनी पॅनेलची एक पट्टी ओढून काढली. मागे थर्माकोल काळा झाला होता. भिंतीवर बुरशीचा थर होता आणि थर्माकोलमध्ये मुंग्यांनी घरं केली होती. वरचं ग्लासवूल पिळलं तर पाणी निघत होतं. माझ्या सासूबाई त्या भिंतीला उशी लावून वर्षभर झोपल्या होत्या. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

असं का झालं ते नीट समजून घेतलं पाहिजे. मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, म्हणून थोडं सांगते.

पावसाळ्यात आमच्याकडे बाहेरची हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असणं ही रोजची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूला ती हवा शिवली की तिथे पाणी सुटणार, ताकाच्या गार पेल्याला बाहेरून सुटतं तसं. आता एसी. २०२० पासून नव्या एसीला २४ अंश हेच मूळ सेटिंग येतं. खोली २४ ला ठेवली की जिप्समचं छतही तितकंच गार, आणि त्याच्या वरच्या अंगाला कौलांच्या फटींतून आलेली समुद्राकडची दमट हवा. पाणी तिथे सुटलं, आम्हाला दिसलं नाही, ग्लासवूलने ते पिऊन घेतलं. ग्लासवूल उष्णता अडवतं ते तंतूंमध्ये कोंडलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी भरलं की ते नुसतं ओझं होतं.

भिंतीची गोष्ट त्याहून वेगळी. चिरा सच्छिद्र असतो, झडीचं पाणी पितो. सिमेंटच्या गिलाव्याला बारीक भेगा पडतातच. त्यातून पाणी आत शिरतं, पण सिमेंट ते परत सहजासहजी बाहेर सोडत नाही. श्रावणात मधूनच ऊन पडतं, ओली भिंत तापते आणि तिच्यातली वाफ आतल्या गार खोलीकडे सरकते. तिथे प्लॅस्टिकचं पॅनेल आडवं. वाफ त्याच्यामागे अडकते आणि पुन्हा पाणी होते. थंड देशांत घर आतून उबदार आणि बाहेरून गार, म्हणून तिथे वाफ आतून बाहेर जाते आणि प्लॅस्टिकचा पडदा आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे एसीच्या खोलीत ही वाट बरोबर उलटी. त्या कंत्राटदाराने तिकडची रीत जशीच्या तशी इकडे लावली. थर्माकोल खोटा नव्हता, ग्लासवूल खोटं नव्हतं. घर चुकीच्या बाजूने बंद केलं होतं.

दोघा भावांकडे आम्ही २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेलो. मी सांगितलं, दिवाळीनंतर येऊन बघून जा, पाऊस उघडू दे. थोरला म्हणाला, "बाई, काम उन्हाळ्यातच करायचं. पण घर आत्ता बघायचं. उन्हाळ्यात ते काही सांगत नाही." (धाकटा माझ्या मावसबहिणीच्या शाळेत शिकलेला. त्यामुळे दोघंही पहिल्या दिवसापासून मला 'बाई'च म्हणतात.)

आले ते धो धो पावसात. तीन तास होते आणि त्यातला बराच वेळ घराबाहेर, इरलं नसलं तरी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. पागोळ्या कुठे पडतात ते पाहिलं. आमच्या मागच्या वळचणीच्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडेच्या, पागोळ्या थेट जोत्याला लागून पडत होत्या आणि चिखल उडून भिंत हात-दीड हात भिजत होती. वर्षानुवर्षं आगरातली माती ओढून ओढून जोतं जवळजवळ गाडलं गेलं होतं, ते त्यांनी काठी खुपसून दाखवलं. आत येऊन भिंतीवर दोन ठिकाणी, आणि जमिनीवर एका ठिकाणी, दोन-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला. म्हणाले, दोन दिवसांनी मला फोन करून सांगा, पाणी प्लॅस्टिकच्या कुठल्या बाजूला आहे. भिंतीकडच्या बाजूला असेल तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असेल तर ती हवेतली आहे. पश्चिमेच्या भिंतीवर पाणी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला होतं, थेंबच्या थेंब. जमिनीवरचा तुकडा दोन्हीकडून कोरडा होता. इतकी साधी परीक्षा, आणि आधीच्या कंत्राटदाराने लेसरच्या यंत्राने फक्त लांबी-रुंदी मोजली होती.

मी त्यांना भिंतीच्या इन्सुलेशनचा दर विचारला. ते काम करायला त्यांनी नकार दिला. सव्वा फुटाची चिऱ्याची भिंत आहे, तिला आतून काही चिकटवायचं नाही, तिला सुकू द्यायचं, असं धाकट्याचं म्हणणं. काम करणारा माणूसच पैसे नाकारतोय हे पाहून माझा त्याच क्षणी विश्वास बसला.

काम मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. पहिले अकरा दिवस इन्सुलेशनचं नावही नव्हतं. मागची माती जोत्यापासून चार फूट रुंद आणि नऊ इंच खोल काढली, उतार आगराकडे दिला, कडेने चर काढून त्यात काळा दगड भरला. पश्चिमेची आणि मागची वळचण दीड फुटाने पुढे काढली, पन्हळी लावल्या. भिंतीवरचं सिमेंट छिन्नीने उतरवलं. सासूबाई ओटीवर बसून तो आवाज ऐकत होत्या. सिमेंट निघून आतला लाल चिरा दिसू लागला तेव्हा हळूच म्हणाल्या, "मामंजींच्या वेळची भिंत दिसली हो."

चुन्याचं काम मला सगळ्यांत आवडलं. आगरात खड्डा करून त्यात चुना विरवला आणि तीन आठवडे पाण्याखाली तसाच ठेवला. वाळू नदीची, दोनदा धुतलेली. खाडीची वाळू फुकट मिळते, शेजारी सुचवतही होते, पण तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि भिंतीला आयुष्यभर खार फुटत राहतो, म्हणून धाकट्याने ती आवारातही येऊ दिली नाही. गिलाव्याचे तीन थर, दोन थरांमध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर, आणि तोवर ओली गोणपाटं लावून शिंपणं. शेवटी चुन्याची पांढरी सफेदी. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि चुना पाणी प्यायला तरी वारा लागला की ते सोडून देतो. बाजारातला वॉटरप्रूफ रंग त्यावर लावायचा नाही, ही अट त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतली.

छप्पर एप्रिलमध्ये उघडलं. कौलं उतरवून, घासून, फुटकी बाजूला काढली. आढ्याजवळचे तीन वासे कुजले होते, ते बदलले. मग वाशांवर खालून वर अशी बबल फॉइल अंथरली. दोन्ही बाजूंना चकचकीत ॲल्युमिनियम आणि मध्ये हवेचे फुगे असलेली शीट. वरची शीट खालच्या शीटवर सहा इंच चढवलेली, म्हणजे कौल फुटून पाणी आलंच तर ते फॉइलवरून घसरत पन्हळीत जाईल, माळ्यावर पडणार नाही. त्यावर वाशांच्या रेषेत एक इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोकल्या, त्यांच्यावर आडव्या रिपा, आणि रिपांवर कौलं.

या एक इंचाच्या पट्टीत सगळं मर्म आहे. फॉइल उष्णता अडवते ती जाडीने नव्हे. तापलेल्या कौलांतून किरणांनी येणारी उष्णता ती परत पाठवते, आणि तिच्या चकचकीत अंगापुढे मोकळी हवा असेल तरच हे घडतं. कौलांना चिकटवून लावली तर उष्णता स्पर्शाने पार होते आणि फॉइलच्या वरच्या अंगाचा उपयोग संपतो. वरच्या अंगावर काही वर्षांनी धूळ बसेल, पण माळ्याकडचं खालचं अंग स्वच्छ राहतं, आणि ते खाली उष्णता फारच थोडी फेकतं. वळचणीला जाळी लावून फट ठेवली आहे आणि आढ्यावरची कौलं थोडी उचलून तिथेही जाळी. कौलांखालची तापलेली हवा वर निघून जाते, खालून नवी येते.

फॉइल ठोकायच्या आधी थोरल्याने मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात घातला, आणि माळ्यावरच्या सगळ्या जुन्या वायरी आमच्या वायरमनकडून पाइपात घालून घेतल्या. तीन दिवस गेले. मला तेव्हा तो उशीर जड गेला. नंतर वाचलं की ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये घरांच्या इन्सुलेशनच्या सरकारी योजनेत चार तरुण कामगार गेले, त्यातले तिघं विजेच्या धक्क्याने, आणि त्यानंतर तिथे फॉइलचं काम थांबवावं लागलं. फॉइल म्हणजे सबंध छपरावर पसरलेला धातू. एक खिळा वायरीतून गेला की संपलं. तुमच्याकडे जुनी कापडी वेष्टणाची वायर असेल तर हे तीन दिवस कुणाला वाचवू देऊ नका.

पडवीचे पत्रे तसेच ठेवले, कारण कौलांसाठी वासे जड करावे लागले असते. पत्र्याच्या पोटाला दहा मिलिमीटरचा बंद फुग्यांचा फोम, खाली फॉइल लावलेला, चिकटवला. हवा पत्र्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून दव धरत नाही. गेल्या दोन हिवाळ्यांत एक थेंब पडला नाही.

सासूबाईंच्या खोलीला जिप्समऐवजी फळ्यांची तक्तपोशी केली. या एकाच खोलीत एसी असल्यामुळे तिच्यावर वरच्या, म्हणजे दमट हवेच्या, बाजूने फॉइलचे सगळे सांधे टेप लावून बंद केले आणि दाराखिडक्यांना रबरी पट्टी बसवली. एसी २७ वर, ड्राय मोडमध्ये चालवायला सांगितलं आहे.

आता आकडे. साडेतीनशे रुपयांची दोन छोटी तापमान-आर्द्रता यंत्रं मी आधीपासून टांगून ठेवली होती. मे २०२३ मध्ये दुपारी तीनला बाहेर सावलीत ३४ असताना माजघरात ३६ आणि पडवीत ४१ अंश असायचे. काम झाल्यावर तशाच दिवशी माजघरात ३३ आणि पडवीत साडेपस्तीस. सासूबाईंच्या खोलीत पावसाळ्यात आर्द्रता ६० ते ६५ टक्के राहते. ऑगस्टचं वीजबिल ३१० युनिटांवरून २०५ वर आलं. इनहेलर अजून लागतो, पण गेल्या पावसात रात्री उठून बसावं लागलं नाही.

माजघरातली जुलैची आर्द्रता मात्र होती तेवढीच आहे, ८८ ते ९०. हे स्पष्ट सांगते, कारण अनेकांचा समज असतो की इन्सुलेशन केलं की दमटपणा जातो. समुद्राची हवा घरात येणारच. फरक इतका पडला की भिंती पोपडे धरत नाहीत आणि कपाटातल्या साड्यांना बुरशी येत नाही. ज्या पृष्ठभागाला हवा लागते तो आता पूर्वीसारखा ओला नसतो.

२०२५ मध्ये मान्सून २५ मे लाच तळकोकणात येऊन थडकला. गावात कुणाची आगोट झाली नव्हती, अर्ध्या लोकांची कौलं परतायची राहिली होती. आमच्याकडे त्या रात्री वादळी झडीत दोन कौलं सरकली. सकाळी पन्हळीत पाणी वाहताना दिसलं म्हणून कळलं. माळा कोरडा होता.

तक्रारीही आहेत. तीस दिवसांचं काम बावन्न दिवस चाललं. २४ मार्चला होळी होती, आणि पालखी नाचवायला माणसं आपापल्या गावी गेली ती दहा दिवसांनी परतली. शिमग्याला कोकणी माणसाला कुणी अडवू नये, मीही अडवलं नाही, पण तारीख देताना हे त्यांनी धरायला हवं होतं. उघडं छप्पर घेऊन वळवाच्या भीतीने आम्ही काही रात्री जागून काढल्या. हिशोब वहीच्या पानावर मिळतो, तोही मागितल्यावर. वळचणीची जाळी पातळ निघाली, उंदरांनी पहिल्याच पावसाळ्यात एका ठिकाणी कुरतडली. सांगितल्यावर येऊन जाड जाळी बसवून गेले, पैसे घेतले नाहीत. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की कपड्याला पांढरं लागतं. रात्री फॉइलमुळे माजघर पूर्वीपेक्षा उशिरा निवतं, दहापर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. आणि सबंध छपराला ॲल्युमिनियम लागल्यावर घरात मोबाइलची रेंज गेली. आता फोनवर बोलायला ओटीवर यावं लागतं. हे त्यांनाही आधी सुचलं नव्हतं.

एकूण खर्च तीन लाख चाळीस हजार. त्यात छपराचं काम एक लाख पासष्ट हजार, चुन्याचा गिलावा चौरस फुटाला १७० रुपयांप्रमाणे चौसष्ट हजार सहाशे, आणि बाकी वळचण, पत्र्याचा फोम, तक्तपोशी, मातीकाम. ज्यांच्या हाती एवढे पैसे नाहीत त्यांना मी सांगेन, फक्त माती काढा, वळचण वाढवा, पन्हळी लावा. आमच्याकडे तेवढं काम बावन्न हजारांत झालं आणि ओलीचा निम्म्याहून जास्त भार तिथेच हलका झाला. नवीन स्लॅबच्या घरासाठी या भावांना बोलावू नका, ते त्यांचं काम नाही. चिरा, कौल, लाकूड असलेल्या घरासाठी मी आणखी कुणाचं नाव घेणार नाही.

ओटीच्या बाजूची उत्तरेची भिंत अजून सिमेंटचीच आहे, ती या मार्चमध्ये करायची ठरली आहे. शिमगा धरून तारीख घेतली आहे. चुना परवाच आला. सासूबाईंना तो विरताना पाहायचा होता, म्हणून आगरात खड्ड्याजवळ त्यांची खुर्ची नेऊन ठेवली.